पियानोचे सर तालुक्याला, आपण गावात: शिक्षक शोधण्यापासून तास बसवण्यापर्यंत

दिवाळीत कीबोर्ड घरी येतो, तुळशीचं लग्न झालं की सर लागतात आणि होळीच्या आत कीबोर्डावर चादर पडते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या आमच्या पट्ट्यात मी हे इतक्या घरांत पाहिलं, की आता कुणी ‘पोरीला पियानो शिकवायचाय, कोणी सर आहेत का?’ असं विचारलं तर मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारते, आठवड्यातला कोणता तास तुमच्या हातात आहे?

शिकवणी सुटली की घरचे म्हणतात, पोराला गोडीच नव्हती. बहुतेक वेळा तसं नसतं. एक तास पावसाने जातो, दुसरा सोयाबीनच्या सोंगणीत जातो, तिसऱ्या वेळी सरांना फोन करायचा संकोच वाटतो. माझ्या मुलीची पहिली शिकवणी अशीच गेली. शहरातले नावाजलेले सर, तीन महिन्यांची फी आगाऊ, आणि तीन महिन्यांत झाले पाच तास. भांडण कुणाशीच झालं नाही. चुकलेल्या तासाचं काय करायचं, हे कुणी बोललंच नव्हतं.

म्हणून खालचा क्रम पाळा. पुढचा टप्पा आधी उरकायचा मोह होतो, विशेषतः वाद्य विकत घेण्याचा. तो आवरा.

टप्पा १ : आपला आठवडा आणि आपलं वर्ष कागदावर मांडा

शेतकरी घराचा आठवडा दर आठवड्याला बदलतो. कृषिपंपाची लाइन कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीची लाइन असली की घरातला माणूस ओलितावर जातो, सकाळी तो झोपलेला असतो आणि मुलाला गाडीवर नेणारं कुणी नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीन, त्यानंतर कापसाचा वेचा, फेब्रुवारी-मार्चला दहावी-बारावीच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेर पडवत नाही असं ऊन. हे सगळं आपल्याला पाठ असतं, पण सरांना तास देताना आपण ते विसरतो आणि ‘केव्हाही चालेल’ म्हणतो.

एका कागदावर सात वार लिहा. प्रत्येक वारापुढे मूल कधी मोकळं आणि त्याच वेळी घरचं एक मोठं माणूस कधी मोकळं, हे लिहा. दोन्ही जिथे जुळतं तीच खरी वेळ. त्यातून एक मुख्य वेळ आणि एक पर्यायी वेळ निवडा. समजा, मुख्य वेळ रविवारी सकाळी ८ आणि पर्यायी बुधवारी संध्याकाळी ६. कागदाच्या मागे बारा महिने लिहून ज्या आठवड्यांत शिकवणी जमणारच नाही त्यांवर फुली मारा.

मूल तालुक्याला जाणार असेल तर एस.टी.चं वेळापत्रक याच कागदावर उतरवा. शेवटच्या गाडीवर तास बेतू नका, तिच्या आधीची गाडी धरा. मुलगी मानव विकासच्या निळ्या बसने शाळेत जात असेल तर लक्षात ठेवा, ती बस शाळेच्या वेळेवर चालते. शाळा सुटल्यावर तास ठेवला की परतीची सोय वेगळी बघावी लागते.

तपासा: मुख्य आणि पर्यायी वेळ लिहून झाली का? घरातल्या कर्त्या माणसाने ती वाचून होकार दिला का? नसेल तर अजून कुणाला फोन करू नका.

टप्पा २ : काय शिकायचं ते एका वाक्यात लिहा

‘पियानो शिकायचाय’ एवढं पुरत नाही. सिनेमाची गाणी आणि भजनं दोन्ही हातांनी वाजवायची आहेत, की स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं संगीत, वाचून पाश्चात्त्य पद्धतीने शिकायचं आहे, की ग्रेडच्या, म्हणजे पायरीपायरीने वर जाणाऱ्या, परीक्षा द्यायच्या आहेत? या तीन कामांना बहुधा तीन वेगळे शिक्षक लागतात.

परीक्षेचा विचार असेल तर एक गोष्ट आत्ताच समजून घ्या. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, दोन्ही ‘इनिशियल’ या सुरुवातीच्या पायरीपासून आठव्या ग्रेडपर्यंत. पहिल्याच दिवशी सरांना कोणता, ते सांगावं लागतं. व्हिडिओ पाठवून देता येणाऱ्या डिजिटल परीक्षाही आहेत, त्यामुळे गावात राहून परीक्षा अशक्य नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका ही वाट पेटीची. तीही उत्तम वाट आहे, पण तिने पियानोची ग्रेड मिळत नाही. या दोन्हींत गोंधळ झाल्यामुळे दोन वर्षं शिकून पालक निराश झालेले मी पाहिले आहेत.

टप्पा ३ : नावं जमवा

तालुक्याच्या गावात ‘पियानो क्लास’ अशी पाटी शोधत फिरू नका, ती बहुधा नसते. शिकवणारी माणसं असतात, पण दुसऱ्या नावाने ओळखली जातात.

ऑर्केस्ट्रात आणि बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारे हे पहिले. त्यांचा कान तयार असतो, गाणं ऐकून लगेच हातावर घेतात, कॉर्डची, म्हणजे एकदम दाबायच्या स्वरांच्या जुळणीची, जाण पक्की असते. स्टाफ नोटेशन मात्र सगळ्यांनाच येतं असं नाही. तुमचं दुसऱ्या टप्प्यातलं वाक्य गाण्यांचं असेल तर त्याने काही अडत नाही. त्यांचं वर्ष समजून घ्या: लग्नसराई, गणपती, नवरात्र आणि भीमजयंतीचा सगळा एप्रिल महिना ते कार्यक्रमात असतात. एप्रिलमध्ये सर आले नाहीत म्हणून रागावू नका, एप्रिल आधीच वगळून ठेवा.

चर्चमध्ये उपासनेला वाजवणारे हे दुसरे. यवतमाळ, अमरावती, अचलपूर, वाशीम इथे चर्च आहेत आणि वाजवणाऱ्याच्या ओळखीतला कुणी तुमच्या तालुक्यात असू शकतो. चार आवाजांत बसवलेली गीतं वाजवल्यामुळे दोन्ही हात वेगळे चालवायची त्यांना सवय असते. शिकणाऱ्याला नेमकं हेच अवघड जातं. त्यांचा डिसेंबर आणि रविवारची सकाळ धरू नका.

तिसरे, महाविद्यालयात संगीत विषय घेतलेले विद्यार्थी. सुट्टीत गावी आलेला असा मुलगा किंवा मुलगी अगदी लहान मुलांसाठी चांगला शिक्षक ठरू शकतो. मात्र कॉलेज सुरू झालं की काय, हे आधी विचारा.

चौथे, भजनी मंडळातले पेटीवाले. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांमुळे आपल्याकडे पेटी येणारी माणसं गावोगाव आहेत. सूर, लय, ताल यांचा पाया त्यांच्याइतका कुणी पक्का करत नाही. पण पेटीवर एक हात भात्यावर असतो, त्यामुळे दोन हातांची सवय त्यांच्याकडून मिळेलच असं नाही. पहिले सहा महिने पेटी आणि नंतर कीबोर्ड, हा क्रम चालतो, फक्त तो समजून-उमजून घ्या.

अमरावती, अकोला, नागपूरच्या वाद्यांच्या दुकानात, विशेषतः दुरुस्ती करणाऱ्याकडे, जरूर विचारा. कोणत्या गावात कोण कीबोर्ड दुरुस्तीला आणतो हे त्याला ठाऊक असतं.

सावध: नोकरीत असलेल्या शाळेच्या संगीत शिक्षकांना खासगी शिकवणीसाठी गळ घालू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यांच्याकडून नावं मात्र मिळतात, आणि निवृत्त शिक्षकांना ही अडचण नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारायचं असेल तर मुलीचं नाव, शाळा, घराचा पत्ता टाकू नका. ‘अमुक गावाजवळ कीबोर्ड शिकवणारं कुणी आहे का’ इतकंच.

तीन नावं जमली की थांबा.

टप्पा ४ : पहिला फोन

पहिल्या फोनवर फी विचारणं ही सर्रास चूक. समोरचा माणूस अंतर, वेळ, वय काहीच न कळता आकडा सांगतो आणि मग त्याला त्याच आकड्याला धरून राहावं लागतं. आधी वेळ आणि जागा. आमच्याकडे फोन साधारण असा होतो:

‘नमस्कार सर. माह्या पोरीले कीबोर्ड शिकवाचा हाय, नऊ वर्षाची हाय. तुम्ही रविवारी सकाळी नाहीतर बुधवारी संध्याकाळी येऊ शकता का? का आम्ही तिकडे यावं? एकदा तिले पाहून घ्या, मंग बाकीचं बोलू.’

एवढंच. त्यांनी ‘पाहू, सांगतो’ म्हटलं तर तीन दिवस थांबून एकदा फोन करा. दुसऱ्यांदाही ‘पाहू’ आलं तर पुढच्या नावाकडे वळा. ज्याला पहिला तास देतानाच अडचण आहे, त्याला पाचवा तास देताना ती वाढलेलीच असेल. माणूस कितीही चांगला वाजवत असो.

टप्पा ५ : एक तास पाहून घ्या

हा तास पैसे देऊन घ्या. फुकट पाहायला बोलावलं की सर भिडेखातर येतात, दोन गाणी वाजवून दाखवतात, चहा होतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. वाद्य नसेल तर या दिवसापुरतं कुणाकडून आणा किंवा सरांच्या घरी जा.

तुम्ही खोलीतच बसा, पण मध्ये बोलू नका. नजर सरांच्या वाजवण्यावर नको, मुलाच्या हातांवर ठेवा. मूल खुर्चीवर बसल्यावर सर आधी उंची पाहतात का? कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत हवं, मनगट खाली लोंबकळता कामा नये. बोटांना नंबर सांगतात का? पियानोत अंगठा १ आणि करंगळी ५, दोन्ही हातांना तसंच. मूल चुकलं तर सर स्वतः वाजवून दाखवून पुढे जातात, की त्याच्याकडून हळू करून घेतात? पाऊण तासातला अर्ध्याहून जास्त वेळ मुलाची बोटं चालली पाहिजेत. आणि निघताना घरी काय वाजवायचं ते नेमकं सांगतात का? ‘प्रॅक्टिस कर’ याला मी सांगणं म्हणत नाही. ‘उजव्या हाताने या पाच पट्ट्या, रोज दहा वेळा, सावकाश’ याला म्हणते.

तास संपल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘सर, डाव्या हाताला केव्हा आणि काय द्याल?’ पियानो शिकवणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं. ‘ते नंतर पाहू’ आलं तर ते सूर-ताल चांगले शिकवतील, पियानो शिकवतील का हे पुन्हा विचारावं लागेल.

आणखी दोन गोष्टी, ज्या आपल्या भागात हमखास बिघडतात.

पहिली ‘ट्रान्सपोज’ या बटणाची. ते सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम वर-खाली सरकवतं. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, काळी दोन असो की पांढरी पाच, ऑर्केस्ट्रातले वादक हे बटण दाबून सगळी गाणी ओळखीच्या पट्ट्यांवर वाजवतात. कार्यक्रमात ते योग्यच आहे. शिकणाऱ्याच्या कीबोर्डावर मात्र तो आकडा शून्यावर हवा, नाहीतर दाबलेली पट्टी एक आणि ऐकू येणारा सूर दुसरा असं होऊन कान चुकीचा तयार होतो. त्याच ओघात ‘सा’बद्दलही बोलून घ्या. सा कोणत्याही पट्टीवर धरता येतो, पण पाश्चात्त्य पद्धतीत ‘सी’ हा स्वर ठरलेल्या पट्टीवरच असतो. ‘सा म्हणजे पांढरी एक’ असं कायमचं पाठ झालेल्या मुलाला पुढे नोटेशन वाचताना फार त्रास होतो.

दुसरी, आपोआप वाजणारा ताल आणि कॉर्ड. ते लावलं की पहिल्या दिवशीच गाणं भरल्यासारखं वाटतं, पाहुणे खूश होतात आणि डावा हात एका जागी गोठतो. पहिले तीन महिने ते बंद ठेवा, अशी विनंती सरांना स्पष्ट करा. लयीसाठी मेट्रोनोमची, म्हणजे ठरलेल्या गतीने वाजणाऱ्या ठोक्याची, टिकटिक पुरे.

थांबा: मूल घरी आल्यावर ‘सर आवडले का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. ‘आज काय वाजवलंस, दाखव’ म्हणा. मूल पाच मिनिटं जरी काही वाजवून दाखवू शकलं तर तास जमला.

टप्पा ६ : आता वाद्य

सर ठरत आल्यावर, त्यांना विचारूनच खरेदी करा. पियानोला ८८ पट्ट्या असतात. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालतो, पण पट्टी हळू दाबली की आवाज हळू आणि जोरात दाबली की मोठा, असा तो असलाच पाहिजे. दुकानात हे स्वतः दाबून पाहा. लहान मुलांसाठी म्हणून मिळणारे बारीक पट्ट्यांचे कीबोर्ड नकोत, बोटांमधलं अंतरच चुकीचं बसतं. मोबाईलवरच्या पियानोने तर मुळीच भागत नाही.

सेलवर चालतो का ते पाहा. बऱ्याच लहान कीबोर्डांत सहा सेल बसतात आणि तासाच्या वेळी वीज गेली तर शिकवणी वाचते. जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेणार असाल तर तो बहुधा विजेवरच चालतो, इन्व्हर्टरचा विचार आधीच करा. जुना लाकडी पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी सुचवलं तर मी नको म्हणेन. आपल्याकडचा कोरडा कडक उन्हाळा आणि लगेच येणारा दमट पावसाळा यांत त्याचा सूर हलतो, आणि सुरात आणणारा माणूस लांबून बोलवावा लागतो.

कीबोर्ड पलंगावर किंवा मांडीवर नको. स्टँड किंवा घट्ट टेबल हवं, आणि तो रोज उघडाच राहील अशी जागा. खोक्यातून काढावा लागला तर रियाज होत नाही.

टप्पा ७ : बोली ठरवा, आणि लिहून ठरवा

सगळ्यात जास्त घरं इथे चुकतात. ‘जमेल तसं या सर’ ही आपल्याला मोकळीक वाटते. पण जमेल तसं म्हणजे कुणाचंच कशाला बांधलेलं नसणं. बदल करायची मुभा हवी असेल तर बदलाचा नियम आधी हवा.

आमच्या घरी शेवटी जे टिकलं ते असं. महिन्याला चार तास, प्रत्येकी ४५ मिनिटं. वर्षात ५२ आठवडे, चारप्रमाणे ४८ तास, उरलेले चार आठवडे चुकलेल्या तासांच्या भरपाईचे. तास बदलायचा असेल तर आदल्या संध्याकाळी ८ पर्यंत फोन, आणि बदललेला तास आधी ठरवलेल्या पर्यायी वेळेलाच. आम्ही ८ नंतर कळवलं तर तो तास झाला असं धरून फी द्यायची. सर येऊ शकले नाहीत तर तो तास पुढच्या ३० दिवसांत भरून द्यायचा, नाहीतर त्याचे पैसे वळते करायचे. सोंगणीचे दोन आठवडे आणि सरांच्या कार्यक्रमांचे आठवडे वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवायचे, त्या महिन्यांची फी झालेल्या तासांप्रमाणे.

हे कागदावर लिहून एक प्रत सरांना द्या. लिहून मागितलं तर सरांना वाईट वाटेल अशी भीती असते. मान राखून म्हणा, ‘सर, आमच्याकडूनच चूक होऊ नये म्हणून लिहून ठेवतो.’ मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

फी एका महिन्याहून जास्त आगाऊ देऊ नका. तासाचे पैसे आणि प्रवासाचे पैसे वेगळे बोला. सर २५ किलोमीटरवरून येत असतील तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर, म्हणजे मोटरसायकलला लिटरभर पेट्रोल. तासाचे ३०० ठरले आणि पेट्रोल त्यातच धरलं, तर सरांच्या हातात काय उरतं ते मोजून पाहा. अशी शिकवणी टिकत नाही. यावर उपाय म्हणजे गावातली तीन मुलं एकत्र करणं: एकाच सकाळी, एकामागोमाग एक, प्रत्येकाला अर्धा तास. पेट्रोल तिघांत वाटलं जातं आणि सरांची खेप वाया जात नाही. दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धा तास पुरतो. तिघांना एकाच वेळी एका कीबोर्डासमोर बसवू नका, दोघं बघत राहतात.

जागा कुणाच्या तरी घरी, किंवा परवानगी घेऊन समाजमंदिरात. दार उघडं, घरचं एक मोठं माणूस तिथे हजर. मुलगा असो की मुलगी, सर ओळखीचे असोत की नवे, या नियमाला अपवाद करू नका.

टप्पा ८ : सर येऊ शकत नाहीत तेव्हा

अंतर फार असेल तर एक आठवडा प्रत्यक्ष, एक आठवडा मोबाईलवर, अशी जोडणी करता येते. पूर्ण ऑनलाइनवर नवशिक्याला सोडू नका, मनगट आणि बोटं जवळूनच सुधारता येतात.

व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून सरांबरोबर एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका. आधी एकाने, मग दुसऱ्याने. मोबाईल समोर तोंडापुढे नको, बाजूला उंचावर ठेवा, दोन्ही हात आणि सगळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. रेंज टिकत नसेल तर कॉलचा हट्ट सोडा. मुलाचं तीन मिनिटांचं वाजवणं रेकॉर्ड करा, रेंज असेल तिथून पाठवा, सरांनी बोलून उत्तर पाठवावं. हाही तासच आहे, त्याची फी बोलीत लिहा.

टप्पा ९ : पहिले बारा तास

एक दोनशे पानी वही घाला. प्रत्येक तासाची तारीख, काय झालं, घरी काय करायचं, आणि सरांची सही. रोज १५ ते २० मिनिटं, एकाच वेळी, शक्यतो शाळेत जायच्या आधी. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

बारा तास झाल्यावर वही उघडा. ठरलेल्या बारापैकी किती वेळेवर झाले? नऊच्या खाली आकडा असेल तर आधी वेळ बदला, शिक्षक नाही. तास वेळेवर झाले, रियाजही झाला, तरी दोन हात एकत्र येऊन एकही सोपी ओळ वाजत नसेल तर सरांशी समोर बसून बोला आणि पुढचे चार तास पाहा. मूल तासाच्या आदल्या दिवशी गप्प होत असेल, पोट दुखतं म्हणत असेल, तर चार तासही थांबू नका.

सर बदलायचे ठरलं तर फोन उचलणं बंद करून नव्हे. ओळखीपाळखीचा तालुका आहे, आणि पुढचं नाव बऱ्याचदा याच सरांकडून मिळतं. समोर जाऊन सांगा, त्या महिन्याची फी पूर्ण द्या. निघण्याआधी वही त्यांच्यासमोर ठेवा आणि तीन गोष्टी त्यांच्याच हाताने लिहून घ्या: मूल कुठवर आलं, कोणता हात कच्चा आहे, पुढे काय द्यायला हवं. नव्या सरांच्या पहिल्या तासाला ते पान उघडून द्या. नाहीतर ते पुन्हा पहिल्या पाच पट्ट्यांपासून सुरू करतात, आणि मुलाचे दोन महिने जातात.